पैसे भरून कादंबरी काढण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विट्याला शाळा सांभाळून कादंबरी पुरी केलीत, एका प्रकाशकाने ५०० प्रतींचे ६० हजार मागितलेत, आणि भाचा म्हणतोय ॲमेझॉनच्या किंडलवर ई-बुक म्हणून फुकट टाकता येते. यातलं काय करू?

आधी मत सांगतो. ते ६० हजार देऊ नका. लेखनावर स्वतःचे पैसे लावतो तो प्रकाशक. तुमच्याच पैशाने छापून गठ्ठे तुमच्याच दारात उतरवतो त्याने फक्त छपाई करून दिली. छपाईच हवी असेल तर सांगली-कोल्हापुरात प्रेस आहेत, तिथून थेट दर घ्या आणि लागतील तेवढ्याच प्रती काढा.

मी २०१७ ला असे पैसे भरले. कथासंग्रह, हजार प्रती. वितरण त्यांच्याकडे ठरलं होतं, पण तीन महिन्यांत सगळे गठ्ठे टेम्पोने सांगलीला माझ्या घरी आले. औदुंबरला संक्रांतीच्या साहित्य संमेलनात पिशवी घेऊन उभा राहिलो, शाळांतून फिरलो. दीडशे गेल्या असतील. बाकीच्या खालच्या खोलीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर गठ्ठे फुगून सुतळ्या तुटलेल्या, पानं एकमेकांत मुरून अख्ख्या पुस्तकाची ओली वीट झालेली. मुखपृष्ठाचा निळा रंग फरशीत उतरला, तो डाग अजून गेलेला नाही.

मग ई-बुक करायला घेतलं, आणि तिथे दुसरा फटका बसला. डीटीपीवाल्याकडची (संगणकावर पानं लावून देणाऱ्याकडची) फाइल पेजमेकर या जुन्या प्रोग्राममध्ये, जुन्या फॉन्टमधली. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या टायपिंगमध्ये, बदलली की रफार उडी मारायचा, ‘सूर्य’चा ‘सूयर्’ व्हायचा. दोन महिने रोज रात्री ओळ न् ओळ दुरुस्त केली. म्हणून कुणाकडूनही टाइप करून घ्या, पण युनिकोडमध्येच, आणि मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

किंडलचं गणित असं. तिथे मराठी पुस्तक टाकता येतं, टाकायला पैसे पडत नाहीत आणि ई-बुकला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागत नाही. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी (लेखकाचा वाटा) हवी असेल तर ‘केडीपी सिलेक्ट’ या किंडलच्या योजनेत जावं लागतं. म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसऱ्या कुठेही, अगदी स्वतःच्या ब्लॉगवरही ठेवायचं नाही. छापील प्रत मात्र विकता येते. सिलेक्ट नको असेल तर ३५ टक्के. छापील पुस्तकाला आयएसबीएन लागला तर तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मोफत मिळतो. तुमच्या अंदाजपत्रकात त्याची वेगळी रक्कम लावली असेल तर त्या माणसाशी पुढचं बोलूच नका.

तरीही चांगला प्रकाशक मिळत असेल तर मी त्याच्याकडेच जाईन. रॉयल्टी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किंडलपेक्षा टक्का कितीतरी कमी. पण मराठी कादंबरीचा मोठा वाचक अजून वाचनालयात आहे. खानापूर-आटपाडीकडच्या गावातली बाई वाचनालयातून पुस्तक बदलून नेते, ती किंडल उघडत नाही. तिथवर पोचायची वाट प्रकाशकाकडे असते. शिवाय संपादक. माझ्या कथासंग्रहावर कुणी पेन्सिल फिरवली नाही याची खंत मला पैशांहून जास्त आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. ज्यांच्या कादंबऱ्या तुम्ही स्वतः विकत घेऊन वाचल्यात असे तीन-चार प्रकाशक निवडा. सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा, सहा-आठ महिने थांबा. तोवर ई-बुक काढू नका, कारण आधीच बाहेर आलेलं पुस्तक घ्यायला काही प्रकाशक कचरतात. कुठूनच होकार आला नाही तर किंडलवर जरूर टाका.

होकार आला तर करार नीट वाचा. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी ओळ असेल तर ती खोडायला लावा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे ती सही तुमच्या नातवंडांपर्यंत जाते. १९५७ च्या कायद्याचं १९ वं कलम म्हणतं की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. छापील आवृत्तीचे हक्क द्या. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट यांची प्रत्येकाची वेगळी ओळ मागा. चांगला प्रकाशक यावर रागावत नाही, बसून बोलतो.

त्या ६० हजारवाल्यांनी कराराचा मसुदा दिला असेल तर सही न करता मला पाठवा. या रविवारी घरीच आहे, कलम कलम वाचून कळवतो.