ऑगस्टमध्ये आई-वडिलांना घेऊन ग्रीसच्या बेटांवर फेरीने फिरणं जमेल का?

जमेल, आणि छान जमेल. पण तुम्ही लिहिलेला बेत (आठ दिवसांत अथेन्स, मिकोनॉस, सँटोरिनी, क्रीट आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने परत येऊन संध्याकाळचं विमान) आहे तसा ठेवू नका. बेटं जास्त झाली आहेत आणि वाऱ्यासाठी जागाच उरलेली नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निळंशार, ढगाचा मागमूस नाही, आणि समुद्र मात्र पांढऱ्या फेसाने भरलेला. आपल्या मनात खवळलेला समुद्र म्हणजे काळे ढग आणि पाऊस, त्यामुळे एवढ्या लख्ख उन्हात बोट रद्द झाली हे पटतच नाही. वारा साधारण 8 बोफर्टपर्यंत (बोफर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) गेला की मोठ्या जहाजांनासुद्धा बंदर सोडायची परवानगी मिळत नाही, आणि वेगवान बोटींवर ही बंदी त्याआधीच येते. फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा देतात. सुटलेलं विमान मात्र कोणी भरून देत नाही. म्हणून परतीच्या विमानाआधीचा अख्खा दिवस अथेन्समध्ये काढायचा. या एका बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

आता तुमच्या आईचा प्रश्न, त्यांना बोट लागते म्हणालात. तिथे मुख्यतः दोन प्रकारच्या फेऱ्या आहेत. एक म्हणजे वेगवान कॅटॅमरान, म्हणजे जोड-तळाच्या बोटी. अथेन्सच्या पिरियस बंदरातून सँटोरिनीला पाचेक तासांत नेतात, भाडं बरंच जास्त, आणि बहुतेकींमध्ये तुम्ही बंद काचांच्या आत खुर्चीवर बसून असता. मेल्टेमीत या बोटी जे हेलकावे खातात, त्यात धडधाकट माणसंही कागदी पिशव्या मागतात. दुसरं म्हणजे मोठं, संथ जहाज. पोटात ट्रक, गाड्या, मोटारसायकली, वर माणसं, त्याच्याही वर उघडा डेक. तेच अंतर कापायला साडेसात-आठ तास लागतात. आईंना याच जहाजाने न्या. मध्यभागी, शक्यतो खालच्या मजल्यावर बसवा, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा, आणि डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी जहाज हलायच्या आधीच द्या. लाटा सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

आणि खरं सांगू का, संथ जहाज हा प्रवासातला वाया गेलेला दिवस नव्हेच. सकाळी साडेसातच्या सुमारास पिरियसहून निघणारं जहाज पॅरोस, नॅक्सॉस करत सँटोरिनीला जातं. नॅक्सॉसला धक्क्याजवळच्या टेकाडावर अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे, अडीच हजार वर्षांहून जुनी, आणि ती डेकवरूनच दिसते. सँटोरिनी जवळ आलं की डाव्या बाजूच्या कठड्याशी जा. जहाज ज्वालामुखीच्या मुखातच शिरतं. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्फोटाने बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र भरला. डावीकडे काळ्या-तांबड्या थरांचा सरळसोट कडा आणि त्याच्या माथ्यावर पांढरी गावं. विमानाने येणाऱ्याला हे अशा तऱ्हेने बघायला मिळत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मिकोनॉस आणि क्रीट दोन्ही वगळून अथेन्स, नॅक्सॉस, सँटोरिनी एवढंच केलं असतं. तिन्ही एकाच जहाजमार्गावर आहेत, त्यामुळे एक फेरी चुकली तरी दुसरी मिळण्याची शक्यता बरी असते. वडिलांना क्रीट बघायचंच असेल तर सँटोरिनी सोडा आणि पिरियसहून रात्रीचं जहाज घ्या. केबिनमध्ये झोपायचं, पहाटे क्रीटमधलं इराक्लिओ किंवा हान्या. ती जहाजं चांगली मोठी आहेत आणि हॉटेलची एक रात्रही वाचते.

जहाजातून उतरताना मात्र सावध राहा, कारण नवख्या माणसाची तारांबळ तिथेच उडते. चढताना मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावरच्या रॅकवर ठेवायच्या असतात, रॅकवर बेटांची नावं लिहिलेली असतात. तुमचं बेट यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घोषणा होते. ती ऐकली की लगेच खाली निघा. आई-वडिलांसाठी लिफ्ट कुठे आहे ते चढतानाच बघून ठेवा. खाली अंधार, डिझेलचा वास, इंजिन सुरू करून उभे असलेले ट्रक आणि त्यांच्यामध्ये बॅगा धरून खेटून उभी माणसं. जहाज नांगर टाकतं आणि मागे मागे सरकत धक्क्याला लागतं. ते पुरतं थांबायच्या आधीच मागचा अजस्र लोखंडी रॅम्प खाली यायला लागतो, उजेडाचा लोट आत येतो आणि सगळे एकदम चालू लागतात. मधल्या बेटांवर जहाज काही मिनिटंच थांबतं. आईंचा हात धरा, गाड्यांपासून बाजूने चाला, खलाशी हात दाखवेल तिकडे वळा.

तिकिटं आधी काढायची का? तुमच्या तारखा 15 ऑगस्टच्या आसपासच्या आहेत, तेव्हा हो, आत्ताच काढा. त्या दिवशी मेरी मातेचा मोठा सण असतो. निम्मं अथेन्स आपापल्या बेटावर जातं, अगदी गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तसं. टिनोस बेटावर तर बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत भाविक गुडघ्यांवर रांगत जातात. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आदल्या रात्री फेरीची वेळ पुन्हा तपासा आणि पिरियसला तासभर आधी पोहोचा. बंदर अवाढव्य आहे, गेटांचे क्रमांक ई-1 पासून ई-12 पर्यंत, आणि चुकीच्या गेटावर उतरलात तर बॅगा ओढत चांगलीच पायपीट होते. 2022 पासून विमानतळावरून मेट्रो थेट पिरियसला येते, गाडी बदलावी लागत नाही.

आई-वडील शाकाहारी आहेत, त्याची चिंता नको. जहाजावर पालक किंवा चीज भरलेली भाजलेली पेस्ट्री मिळते. बेटांवर 'निस्तिसिमो' हा शब्द वापरा. तो उपवासाच्या जेवणाचा शब्द आहे, म्हणजे मांस, अंडी, दूध काहीच नाही. मात्र त्यात कालवं-कोळंबी चालते, म्हणून मासळीही नको हे वेगळं सांगा. सँटोरिनीची फावा नक्की मागवा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून ऑलिव्ह तेल आणि कांदा. वडिलांना आवडेलच.

कॉस बेटावरून तुर्कस्तानात एक दिवस जाऊन यायचं तुम्ही विचारलंय. तुमचा शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा) एकाच प्रवेशाचा असेल तर तो विचार सोडा. एकदा बाहेर पडलात की त्या व्हिसावर परत आत येता येणार नाही.

अथेन्समधला तो राखीव दिवस रिकामा घालवू नका. सगळ्या फेऱ्या वेळेवर झाल्या तर पिरियसच्या ई-8 गेटवरून एजिना बेटावर जाऊन या. साध्या जहाजाने सव्वा तास लागतो. बेट आखातात असल्यामुळे तिथे मेल्टेमीचा त्रास बराच कमी, म्हणजे आईंनाही सोपं. अफाइआ या प्राचीन ग्रीक देवीचं देऊळ बघा, आणि धक्क्यासमोरच्या टपऱ्यांवर तिथलेच पिस्ते मिळतात ते घ्या. दिवसभर फेऱ्या असतात, त्यामुळे सकाळी उठल्यावर ठरवलंत तरी सहसा चालतं.