भूकंपातून वाचलो, पण ट्रक गेला तरी छातीत धडधडतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की ३० वर्षं उलटली, तरी पहाटे चारच्या सुमारास जाग येतेच. मीही किल्लारीच्या बाजूचाच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि माळवदाची दगडमातीची घरं अंगावर आली. माझी आई त्यानंतर कित्येक वर्षं घरात झोपलीच नाही. थंडीतही बाज अंगणात.

हा मनाचा कमकुवतपणा नाही हो. मेंदूला तो धोका संपल्याचं अजून पटलेलं नाही, म्हणून जमीन जराशी थरथरली की शरीर आधी घाबरतं, विचार मागून येतो. त्या क्षणी स्वतःला समजावत बसू नका, शरीराकडे बघा. मी पाय थंड फरशीवर घट्ट टेकवतो, श्वास घेतो त्यापेक्षा सावकाश सोडतो आणि आजची तारीख, वार मोठ्याने म्हणतो. आई तांब्यातलं गार पाणी मनगटावर घ्यायची.

झोप येत नाही म्हणून दारूचा आधार मात्र नको, झोप आणखी बिघडते. सप्टेंबर जवळ आला की त्रास वाढतो, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

महिनोन्‌महिने असंच चाललंय तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आघातावर खास उपचार आहेत, इतक्या वर्षांनंतरही त्यांचा उपयोग होतो. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटलं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा.