नवीन गेमिंग कन्सोल आलं की लगेच घ्यावं का? लाँचची किंमत वसूल होते का?

तुमचा प्रश्न असा आहे की पुढचं प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आलं की पहिल्याच आठवड्यात घेऊन टाकावं, की 'थांब, स्वस्त होईल' हे घरच्यांचं ऐकावं. तुम्ही सोलापूरचेच आहात आणि घरात चालू स्थितीतलं प्लेस्टेशन ४ म्हणजे पीएस४ आहे, हेही लिहिलंय. मी नवी पेठेत मोबाइल आणि गेमिंगच्या वस्तूंची दुरुस्ती करतो. माझ्याकडे कन्सोल सीलबंद खोक्यातून येत नाही, भाजीच्या पिशवीतून येतं. त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार, हे धरून वाचा.

लगेच घेऊ नका. मात्र 'स्वस्त होईल' म्हणून थांबणार असाल तर तो हिशोब आता जुना झालाय.

घरचे म्हणतात ते एके काळी अगदी खरं होतं. पीएस३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा ६० जीबीचं मॉडेल ५९९ डॉलरला होतं. सप्टेंबर २००९ मध्ये त्याचं स्लिम आलं ते २९९ डॉलरला. तीन वर्षांत बरोबर निम्मं. निन्टेंडो ३डीएसची गोष्ट तर अजून वाईट: मार्च २०११ मध्ये अडीचशे डॉलरला आलं आणि ऑगस्टमध्येच १७० वर उतरवलं. आधी घेतलेले लोक इतके भडकले की कंपनीने त्यांना वीस जुने गेम फुकट देऊन गप्प केलं. एक्सबॉक्स वन नोव्हेंबर २०१३ मध्ये ४९९ डॉलरला होतं, पुढच्या जूनमध्ये किनेक्ट कॅमेरा काढून ३९९ ला विकायला लागले. ज्यांनी हे बघितलंय ते 'थांब' म्हणणारच.

आत्ताच्या पिढीत मात्र गंगा उलटी वाहिली. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, डिस्कवालं ४९,९९० ला आणि डिजिटल (डिस्क न चालणारं, गेम ऑनलाइनच घ्यायचे) ३९,९९० ला. २०२२ च्या शेवटी सोनीने दोन्हीवर पाच-पाच हजार चढवले. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आलं, तेही त्याच चढलेल्या ५४,९९० ला. एक्सबॉक्स सिरीज एक्स इथे नोव्हेंबर २०२० मध्ये ४९,९९० ला आलं होतं, तेही नंतर महागलं. २०२५ मध्ये तर अमेरिकेतसुद्धा दोन्ही कंपन्यांनी भाव वाढवले.

याचं कारण बरंचसं चिपमध्ये आहे. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी चिप लहान व्हायची, सिलिकॉनच्या एका चकतीवर जास्त चिपा बसायच्या, प्रत्येकीचा खर्च उतरायचा. पीएस३ ची मुख्य चिप ९० नॅनोमीटरवरून ६५ आणि मग ४५ वर आली म्हणून स्लिम निम्म्या भावात देता आलं. पीएस५ ची ७ वरून ६ नॅनोमीटरवर आली, म्हणजे उडी अगदीच छोटी, आणि असल्या चिपा बनवणं आता मुळातच महाग. त्यात आपला रुपया. पीएस५ आलं तेव्हा डॉलर ७३ च्या आसपास होता, नंतर तो ८५ च्या वर गेला. परदेशातून येणाऱ्या वस्तूवर तो फरक बसणारच. कंपन्या लाँचच्या वेळी आपल्याला लुटतात असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. ४९९ डॉलरचं पीएस५ आता तोट्यात विकत नाही, असं सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं, म्हणजे त्याआधी ते तोट्यातच जात होतं. त्यांची कमाई गेम आणि सबस्क्रिप्शनमध्ये. निव्वळ यंत्र म्हणून बघितलं तर त्या पैशात तेवढ्या ताकदीचा पीसी तेव्हा जुळवता आला नसता.

मग 'लगेच घेऊ नका' का म्हणतोय? कारण पहिल्या दिवशी जे हातात येतं ते अर्धकच्चं असतं.

पीएस५ चंच बघा. ८२५ जीबीची डिस्क, त्यातली प्रत्यक्ष वापरायला ६६७ जीबीच्या आसपास. मोठे गेम शंभर जीबीपर्यंत जातात, म्हणजे सहा-सात गेम टाकले की खोली भरली. आत जास्तीची एसएसडी बसवायची जागा पहिल्या दिवसापासून होती, पण ती चालू करणारा अपडेट आला सप्टेंबर २०२१ मध्ये. तोपर्यंत नवा गेम टाकायचा तर जुना उडवा, नाहीतर बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेऊन ठेवा आणि खेळायचा झाला की परत आणा. चित्र फाटू नये म्हणून असते ती व्हीआरआरची सोय एप्रिल २०२२ मध्ये आली. १४४० पी मॉनिटर चालायला सप्टेंबर २०२२ उजाडला. आपल्याकडे कितीतरी पोरं खोलीत टीव्ही नसतो म्हणून मॉनिटरवरच खेळतात, त्यांनी दीड वर्ष १०८० पी वर काढलं.

आणि गेम? पहिल्या दोन वर्षांत ज्या नावांवर पीएस५ विकलं गेलं त्यातली बहुतेक पीएस४ वरही आली. स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस, होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिस्मो ७, गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक, सगळी. लोडिंग लवकर, चित्र जास्त स्वच्छ, हे खरं; पण खेळ तोच. रिटर्नल आणि रॅचेट अँड क्लँकसारखे २०२१ मध्ये फक्त पीएस५ वर आलेले मोठे गेम बोटावर मोजण्याइतके. तिकडे एक्सबॉक्सची फजिती वेगळीच: ज्या हॅलो इन्फिनिटच्या जोरावर सिरीज एक्स यायचं होतं तो गेम डिसेंबर २०२१ पर्यंत लांबला. खोक्यावर हॅलोचा नायक मास्टर चीफ छापलेला, आत तो नाही.

आता हाच हिशोब रुपयांत. २०२१ मध्ये कन्सोल ४९,९९०, घरात दोघं खेळणार म्हणून दुसरा कंट्रोलर ५,९९०, आणि सोनीचा एक नवा गेम ४,९९९. झाले ६०,९७९. ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या सोनीच्या सबस्क्रिप्शनचे पैसे निराळे (फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ते लागत नाहीत). याच्या उलट जो थांबला त्याला जुलै २०२३ च्या सेलमध्ये ५४,९९० चं डिस्कवालं ४७,४९० ला मिळालं. लाँचपेक्षा अडीच हजार कमी, आणि तोवर एसएसडी, व्हीआरआर, १४४० पी सगळं चालू झालेलं, अडीच वर्षांचे गेम जमलेले, त्यातले जुने सेकंडहँड डिस्कवर निम्म्या भावात. म्हणून म्हणतो, छापील किंमत उतरायची वाट बघू नका, सेलची बघा. उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास अशा सवलती होऊन गेल्या आहेत.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो, कारण हा भाग यूट्यूबवरच्या रिव्ह्यूत सापडत नाही.

आपल्या गावात कन्सोलला दोन शत्रू: ऊन आणि कापूस. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. आणि अशोक चौकाकडचं, कारखान्याला लागून असलेल्या घरातलं पीएस४ मी उघडतो तेव्हा आत धूळ नसते, तंतू असतो. टॉवेलच्या मागाचा तो बारीक पांढरा तंतू पंख्याने आत ओढलेला असतो आणि हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीवर असा घट्ट बसतो की चिमट्याने एक कोपरा धरला की अख्खा थर नमद्यासारखा सोलून येतो. त्याखाली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. साफसफाई, नवी पेस्ट, आणि विमानासारखं घोंघावणारं यंत्र पुन्हा शांत. पीएस४ हे सोपं काम आहे. त्याचे स्क्रू, पट्ट्या, एचडीएमआय पोर्ट, कंट्रोलरचे सुटे भाग सगळं मिळतं, कारण त्याला बाजारात येऊन दशक उलटलंय.

नवीन आलेल्या यंत्राचं तसं नसतं. पीएस५ मध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे, पाऱ्यासारखं वाहणारं आणि विजेला वाट देणारं. थेंब भलतीकडे गेला की बोर्ड गेला. पहिलं वर्षभर मी स्वतः गिऱ्हाइकांना परत पाठवत होतो, सुटे भागही हाताशी नव्हते. कंट्रोलरची काडी आपोआप सरकायला लागली तरी पर्याय एकच, नवा कंट्रोलर. वॉरंटी एक वर्षाची असते, त्यात बिघडलं तर ठीक. एका ओळखीच्याचं वॉरंटीतलं यंत्र बाहेरगावी पाठवावं लागलं. परत आलं तेव्हा शाळेची सुट्टी संपून गेली होती आणि घरातली दोन्ही पोरं त्याच्याशी बोलत नव्हती.

बरं, पहिल्या खेपेत बनावटीचाच दोष निघू शकतो. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आलं. यंत्र बिघडल्याची खूण असलेले त्याचे तीन लाल दिवे इतके पेटले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. दर वेळी असं होतं असं नाही. पण झालंच तर ते आधी पहिल्या गिऱ्हाइकाच्या घरी होतं.

आता दुसरी बाजू. लाँचलाच घेतलेलं वसूल झालं असं ठळक उदाहरण म्हणजे निन्टेंडो स्विच. ३ मार्च २०१७, किंमत ३०० डॉलर, आणि सोबत पहिल्याच दिवशी झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेत त्याची छापील किंमत एक डॉलरनेही उतरली नाही. तिथे जो थांबला त्याने फक्त वेळ घालवला. त्यामुळे तुम्हाला लाँचलाच घ्यायची खुमखुमी आली तर एवढंच बघा: त्या दिवशी, त्याच यंत्रावर चालणारा आणि तुमच्या पीएस४ वर न चालणारा, तुम्हाला खरंच खेळायचाय असा गेम दुकानात आहे का? ट्रेलर नाही, डिस्क. असेल तर घ्या, मी अडवणार नाही. नसेल तर पीएस४ चालवा.

स्विच २ बद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. ते ५ जून २०२५ ला ४४९.९९ डॉलरला आलं. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, इथे दिसतं ते दुबई-सिंगापूरहून आणलेलं, विकणारा सांगेल तो भाव आणि इथली वॉरंटी शून्य. पीएस५ प्रो सुद्धा असंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर ७०० डॉलरला आलं तेव्हा सोनीने ते भारतात आणलं नाही, कारण त्याच्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला नव्हता. तरी लोकांनी लाखाच्या घरात पैसे मोजून बाहेरून मागवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पोर्ट तुटला की ते माझ्याच टेबलावर येतं आणि सुट्या भागासाठी मी बाहेरच्याच विक्रेत्याचं तोंड बघतो.

तुम्ही डिस्क की डिजिटल हे विचारलेलं नाही, तरी सांगतो: डिस्कवालं घ्या. सुरुवातीला पैसे वाचतात म्हणून डिजिटल घेणारे पुढे प्रत्येक गेम ऑनलाइन दुकानातून, तिथल्याच भावात घेत राहतात. आपल्याकडे डिस्क हातोहात फिरते. कॉलेजच्या ग्रुपवर एक गेम चार घरं फिरून येतो, विकला तर दीड-दोन हजार सुटतात. स्लिमला ड्राइव्ह नंतरही लावता येतो, पण तो वेगळा विकत घ्यायचा आणि मिळेल तेव्हा.

आणि जुनं पीएस४ एक्स्चेंजमध्ये टाकू नका, दुकानदार त्याचे किरकोळ पैसे धरतो. आधी उघडून साफ करून घ्या, मग ओळखीत विका. नवीन घ्याल तेव्हा पक्कं बिल घ्या आणि खोक्यावरचा सिरीयल नंबर त्यावर दुकानदाराकडूनच लिहून घ्या. वॉरंटीत पहिल्यांदा तोच विचारतात.