आक्रमक कोच चांगला की सावध? आणि अमेरिकन फुटबॉलचे पत्रकार डावपेचांचं विश्लेषण करतात तरी कसं?

दुसरा भाग आधी घेतो, कारण डोकं तिथेच फिरतं. बरेच पत्रकार आधी स्कोअरबोर्ड बघतात, मग त्याला शोभेल असं कारण शोधतात. कोच जिंकला की धाडसी, हरला की अहंकारी. याला मराठीत पश्चातबुद्धी म्हणतात, विश्लेषण नव्हे.

१५ नोव्हेंबर २००९ चा पेट्रियट्स-कोल्ट्स सामना घ्या. पेट्रियट्सचा कोच बेलिचिक, त्याची टीम ३४-२८ ने पुढे, २ मिनिटं ८ सेकंद बाकी, स्वतःच्या २८ यार्डांवर फोर्थ अँड टू. म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला (डाऊन) शेवटचा, आणि अजून दोन यार्ड हवेत; नाही मिळाले तर चेंडू तिथेच समोरच्यांना. सगळं जग म्हणत होतं पंट कर, म्हणजे लाथ मारून चेंडू लांब घालव. त्याने क्वार्टरबॅक (पास टाकणारा) ब्रेडीला मैदानातच ठेवलं. पास केविन फॉककडे गेला, चेंडू हातात नाचला, कोल्ट्सच्या मेल्विन बुलिटने त्याला मागे ढकललं आणि पंचांनी जागा दिली ती रेषेच्या अलीकडे. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक मॅनिंग, त्याला जेमतेम २९ यार्ड उरले होते. १३ सेकंद असताना रेजी वेनचा टचडाऊन (सहा गुण, वर किकचा एक), कोल्ट्स ३५-३४. मग स्टुडिओत बसलेली माजी मंडळी तुटून पडली: मॅनिंगला एवढं जवळ चेंडू देतात का?

आता हिशोब. आकडेवारीचा अभ्यासक ब्रायन बर्कने तेव्हा मांडलेले आकडे असे: दोन यार्ड मिळण्याची शक्यता ६० टक्के, आणि मिळाले की सामना खिशात. नाही मिळाले तर कोल्ट्स तिथून टचडाऊन करण्याची शक्यता ५३ टक्के. पंट केला तर ३० टक्के. म्हणजे पंट करून जिंकण्याची शक्यता ७०, आणि खेळून ६० अधिक (४० चे ४७ टक्के), म्हणजे साधारण ७९. याच आकड्यांवर दोन यार्ड मिळण्याची शक्यता ४३-४४ टक्क्यांच्या खाली गेली असती, तरच पंट बरोबर ठरला असता.

'पण समोर मॅनिंग होता!' हे वाक्य अजूनही ऐकू येतं. अहो, मग तर पंट आणखीच चुकीचा. मॅनिंग इतका भारी मानला, तर तो लांबूनही टचडाऊन करणारच. जवळून ७५ आणि पंटनंतर ४५ टक्के धरा. पंट केला तर तुमच्याकडे ५५, खेळलात तर ७०. टीकाकारांनी आपलाच मुद्दा कागदावर मांडला असता तर तो उलटा पडला असता.

बेलिचिकची खरी चूक वेगळीच होती, आणि ती फार थोड्यांनी नीट लिहिली. फॉकच्या जागेवर चॅलेंज (पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी) करता आलं नाही, कारण त्यासाठी लागणारा टाइमआउटच शिल्लक नव्हता. शेवटचा त्या फोर्थ डाऊनच्या आधी विचार करण्यातच गेला. आणि त्याआधी थर्ड अँड टूवर त्यांनी पास टाकला, तो पडला आणि घड्याळ थांबलं. चौथ्यावर खेळायचं आधीच ठरलं असेल, तर तिसऱ्यावर रन (चेंडू घेऊन पळणं) घ्यायला काय हरकत होती? घड्याळ चालू राहिलं असतं, नाहीतर कोल्ट्सना ते थांबवायला टाइमआउट मोडावा लागला असता. म्हणजे निर्णय बरोबर आणि तयारी कच्ची. पण वर्तमानपत्रात मथळा झाला तो निर्णयाचा.

कोचच्या शैलीबद्दल थोडक्यात सांगतो. आक्रमक-सावध ही फार ढोबळ विभागणी आहे. लोम्बार्डीची पॅकर्स एकच स्वीप (कडेने वळसा घालून पळायची चाल) इतकी घोटायची की समोरच्याला माहीत असूनही अडवता यायची नाही. बेलिचिक उलटा, दर आठवड्याला प्रतिस्पर्ध्यानुसार बदलणारा. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये त्याच्या बचावाने मॅकव्हेच्या रॅम्सला ३ गुणांवर रोखलं. बिल वॉल्शने तिसरी वाट घेतली: सुरुवातीचे १५-२५ प्ले (चाली) आधीच लिहून ठेवायचे. म्हणून पहिल्या दोन ड्राइव्ह (चेंडू हाती असतानाच्या सलग चाली) बघून 'कोचने बचाव ओळखला' असं लिहिणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. ती स्क्रिप्ट असते. ओळखला की नाही हे स्क्रिप्ट संपल्यावर दिसतं.

स्वतः तपासायचं असेल तर फोर्थ डाऊनला स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी आपला निर्णय कागदावर लिहा: स्कोअर, वेळ, जागा, दोन्हीकडचे टाइमआउट. नंतर खाडाखोड नाही. कोच पासवाला की रनवाला हे बघताना फक्त पहिल्या हाफमधले फर्स्ट डाऊन मोजा, फरक ७ गुणांच्या आत असतानाचे, आणि शेवटची दोन मिनिटं वगळा. नाहीतर मागे पडलेली टीम पास टाकत सुटते आणि तुम्ही तिला पासवाली समजता. '३० वेळा रन केला म्हणून जिंकले' हाही त्यातलाच प्रकार. जिंकत असतात म्हणून घड्याळ संपवायला रन करतात. ऑल-२२ (बावीसही खेळाडू दिसणारं) चित्रीकरण मिळालं तर चेंडू बघू नका. आधी सेफ्टी (बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू) बघा: स्नॅपच्या आधी मागे दोन, आणि नंतर एक खाली उतरला की तिथेच बचाव उलगडतो. मग गार्ड (पुढच्या फळीत मध्याजवळ अडवणारे दोघे), कारण रन कुठे चाललाय हे त्यांच्या पहिल्या पावलात दिसतं.

आणि हो, ईगल्सच्या कोच पीटरसनने फेब्रुवारी २०१८ मध्ये फोर्थ डाऊनवर क्वार्टरबॅकलाच पास पकडायला लावला, तर फिलाडेल्फियाने त्या क्षणाचा पुतळा उभारला. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सचा कोच डॅन कॅम्पबेलने २४-१० ने पुढे असताना ४९र्सच्या २८ यार्डांवर फोर्थ अँड टूला तीन गुणांची किक घेतली नाही, पास टाकायला लावला. रेनॉल्ड्सच्या हातून चेंडू सुटला, लायन्स ३४-३१ ने हरले, आणि शिव्या कोचला. चेंडू सुटणं हा डावपेच कधीपासून झाला?

एक मान्य करतो. वरचे ६० आणि ५३ हे त्या दिवशीच्या त्या अकरा जणांचे आकडे नव्हेत, आधीच्या पुष्कळ सामन्यांवरून काढलेले अंदाज आहेत. गार्ड लंगडत असेल किंवा किकरचा पाय दुखत असेल, तर कोचला ते माहीत असतं, गणिताला नाही. ७२ विरुद्ध ७० असा फरक असेल तर मीही गप्प बसेन. ७९ विरुद्ध ७० ला नाही.