‘वालुकाश्म’ नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ‘सँडस्टोन’ला मराठीत वाळूचा दगड म्हणावं की वालुकाश्म? आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पिवळसर ‘मालाड स्टोन’ला तोच शब्द चालेल का?

वालुका + अश्म = वालुकाश्म. ‘वालुकाष्म’ असं लिहिलेलं दिसतं, ते चूक. बोलताना ‘वाळूचा दगड’ म्हणायला हरकत नाही, पण हिंदीत ‘बलुआ पत्थर’ जसा रुळला तसा तो आपल्याकडे रुळला नाही. माझ्या मते कारण सरळ आहे: देशावर आणि सह्याद्रीत जिकडे तिकडे काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड. वालुकाश्म हवा तर मुख्यतः विदर्भात जावं लागतं. नागपूरजवळच्या कामठीचं नाव तर भूशास्त्रात तिथल्या वालुकाश्माच्या गोंडवनी, म्हणजे फार प्राचीन थरांनाच दिलेलं आहे.

आता अर्थ. इथे ‘वाळू’ म्हणजे कणाचं माप, सुमारे 0.06 ते 2 मिलिमीटर. कण कशाचे, हे नाव सांगत नाही. बहुतेक वेळा ते क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे असतात. सोबत फेल्डस्पार नावाचं खनिज आणि इतर खडकांचे बारीक तुकडे. क्वार्ट्झची कठीणता मोह्स मापनात (खनिजांसाठीची 1 ते 10 ची मोजपट्टी) 7, तरी सगळेच वालुकाश्म कणखर नसतात. तिळाच्या वडीत तीळ तेच, पण पाक कच्चा राहिला की वडी भुरभुरते, तसंच हे. कण सिलिकेने (क्वार्ट्झ ज्याचा बनतो त्याच द्रव्याने) जोडलेले असतील तर दगड पक्का. कॅल्साइटने, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाने, जोडलेले असतील तर सौम्य आम्ल टाकल्यावर फसफसतो. चिकणमातीने जोडलेले असतील तर पाण्याने लवकर झिजतो. रंगाचं श्रेय बहुधा लोहाच्या ऑक्साइडांना: हेमॅटाइटमुळे लाल, लिमोनाइटमुळे पिवळा. दिल्लीचा लाल किल्ला आणि फत्तेपूर सिक्री पहिल्या रंगाच्या दगडातले; राष्ट्रपती भवनात धौलपूरचा लाल आणि फिकट असे दोन्ही दगड आहेत. गवंड्याने दगडाचे मूळचे थर आडवे ठेवून तो बसवावा, उभे लावले तर पुढे पापुद्रे सुटतात.

आणि मालाड स्टोन? तो वालुकाश्म नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला वापरलेला हा दगड ज्वालामुखीजन्य, ट्रॅकाइट जातीचा आहे. रंग पिवळा म्हणून त्याला सँडस्टोन म्हणायची सवय लागली, आणि ती माहितीपत्रकांतूनही फिरते. मराठीत लिहिताना सरळ ‘मालाडचा दगड’ लिहा.