विब-रिबन : चार बटणं, एक रेघ आणि आपलीच सीडी

मसाया मात्सुउरा यांच्या ‘नानाऑन-शा’ या कंपनीने तयार केलेला ‘विब-रिबन’ हा ठेक्याचा खेळ पहिल्या प्लेस्टेशनवर, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर (कन्सोलवर), जपानमध्ये डिसेंबर १९९९ मध्ये आला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, तिच्यावरून तुरुतुरु चालणारी विब्री नावाची सशीण, आणि आपण घालू त्या गाण्यातून तयार होणारी अडथळ्यांची वाट, एवढाच त्याचा पसारा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये व्हिडिओ गेम्सची पहिली खेप संग्रहात घेतली, त्या चौदा खेळांत हाही होता. या खेळाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : खेळ सुरू झाल्यावर त्याची सीडी काढून आपली घालायची असते म्हणे. मग खेळ बंद कसा पडत नाही? आणि माझ्याकडची ‘एका सीडीत १०० गाणी’वाली सीडी तो घेतच नाही, असं का?

उत्तर : पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइटची. या खेळात चित्रं म्हणजे नुसत्या रेघा, त्यामुळे चालण्यापुरता अख्खा खेळ सुरुवातीलाच त्या मेमरीत मावतो. तो एकदा चढला की ड्राइव्ह मोकळा होतो, आणि झाकण उघडून हवी ती सीडी घालता येते. रेघांचं ते साधं रूप आणि सीडी बदलण्याची सोय या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. खेळातली स्वतःची सहा गाणी मात्र मूळ सीडीवर आहेत, ती वाजवायची तर ती परत घालावी लागते.

तुमच्या सीडीत दोष नाही. शंभर गाणी मावतात म्हणजे ती एमपी३ फायलींची डेटा सीडी आहे. प्लेस्टेशनला इथे ऑडिओ सीडी लागते, म्हणजे साध्या सीडी प्लेअरवर वाजते ती. कॅसेट कंपन्यांनी काढलेल्या भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या जुन्या मूळ सीडी बहुतेक याच प्रकारच्या असतात, त्या थेट चालतात.

स्वतः बर्न करणार असाल तर सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटा’ऐवजी ‘ऑडिओ सीडी’ निवडा. एमपी३ दिली तरी सॉफ्टवेअर ती उलगडून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ करून घेतं. एका सीडीवर ८० मिनिटं मावतात, शंभर गाण्यांचा हिशेब इथे विसरायचा. कोरी सीडी ‘आर’ (एकदाच लिहिता येणारी) घ्या, ‘आरडब्ल्यू’ (पुसून पुन्हा लिहिता येणारी) नको. आरडब्ल्यूचा पृष्ठभाग प्रकाश फार कमी परत फेकतो आणि म्हाताऱ्या लेझरला तो दिसतच नाही. बर्निंगचा वेग ८ किंवा १६ पट ठेवा. ‘डिस्क ॲट वन्स’ (सगळी सीडी एका दमात लिहिणारा) हा पर्याय असेल तर तोच घ्या आणि सीडी फायनलाइज करायला, म्हणजे लिहून झाल्यावर बंद करायला, विसरू नका, नाहीतर कन्सोलला गाण्यांची यादीच सापडत नाही.

गाण्यांची निवड हा खरा मजेचा भाग. संथ, सपाट आवाजाच्या गाण्यात वाट मोकळी राहते आणि विब्री नुसती चालत सुटते. ढोलकी कडाडणारी लावणी लावली तर अडथळ्यांची दाटी होते. पण अडथळा दर वेळी समेवरच पडेल असं नाही. तालाचं गणित खेळाला कळत नाही, तो आवाजावरून अंदाज बांधतो. सुरुवात तालवाद्य ठळक असलेल्या, मध्यम लयीच्या गाण्याने करा.

प्रश्न : एकेक अडथळा जमतो, पण दोन एकत्र आले की विब्रीची बेडकी होते. उपाय?

उत्तर : मूळ अडथळे चारच. ठोकळ्याला एल१, वळशाला आर१ (ही दोन कंट्रोलरच्या खांद्यांवरची, म्हणजे वरच्या कडेची डावी-उजवी बटणं), लाटांना क्रॉस (फुलीचं बटण), खड्ड्याला खालचा बाण. कंट्रोलर हातात धरून बघा : डावी तर्जनी ठोकळा, उजवी तर्जनी वळसा, डावा अंगठा खड्डा, उजवा अंगठा लाटा. प्रत्येक अडथळ्याला स्वतःचं बोट आहे. पुष्कळ जण दोन्ही खांद्यांची बटणं मधल्या बोटांनी दाबतात किंवा एकच अंगठा इकडेतिकडे पळवतात, आणि जोडी आली की अडकतात.

चारांतून दोनदोनच्या जोड्या सहाच होतात. जोडी ओळखताना आधी आकार बघा, मग कड. वळसाच आहे पण कड करवतीसारखी दातेरी, तर वळसा आणि लाटा : आर१ आणि क्रॉस. दोन्ही बटणं एका दमात दाबायची. एक आधी, एक मग असं झालं की चूक. कॅमेरा मध्येच गरगर फिरतो आणि दूर जातो, तेव्हा नजर विब्रीवर न ठेवता तिच्या पुढच्या अडथळ्यावर ठेवा आणि दाबायची वेळ कानावर सोपवा.

चुका साचल्या की सशाची बेडकी, बेडकीची अळी, आणि पुढे खेळ खलास. लागोपाठ बरोबर खेळलात तर ती पुन्हा वर चढते. सशाच्या रूपात असताना सलग १८ अडथळे पार केले की ती ‘सुपर विब्री’ होते, आणि पुढचा धक्का लागेपर्यंत गुण वाढतात. म्हणून गाण्याच्या अवघड भागाआधीचे सोपे अडथळे निष्काळजीपणे घालवू नका, ते अठरा तिथेच जमवायचे असतात.

प्रश्न : जुन्या डब्बा टीव्हीवर जमत होतं, नव्या सपाट टीव्हीवर सगळं उशिरा लागतं.

उत्तर : हात बिघडलेला नाही. नवा टीव्ही जुन्या कन्सोलचं ॲनालॉग चित्र आधी स्वतःच्या पडद्याच्या मापाचं करतो, मग दाखवतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. तीन-चार फ्रेम मागे पडल्या तरी ठेका हातून जातो. टीव्हीचा ‘गेम मोड’ लावा, हालचाल गुळगुळीत करणारे पर्याय बंद करा. ब्लूटूथ स्पीकर तर मुळीच नको, तिथे आवाजच शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. एवढं करूनही जमेना तर डब्बा टीव्ही माळ्यावरून खाली काढा. या खेळासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न : जपानी कन्सोल घ्यावा की युरोपीय?

उत्तर : भारतात युरोपीय सोयीचा. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट चालतो आणि त्याचं ‘पाल’ या प्रसारण पद्धतीचं चित्र आपल्या जुन्या टीव्हींना चालतं. युरोपात हा खेळ २००० साली आला, त्यामुळे डिस्कही त्या भागाचीच घ्या. जपानी डिस्क युरोपीय कन्सोल स्वीकारत नाही. जपानी कन्सोल १०० व्होल्टचा आहे. तो थेट भिंतीत लावलात तर आतला पॉवर सप्लाय जळेल. २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, ५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा पुरे.

विकत घेताना खेळ चालतो एवढंच बघू नका, ऑडिओ सीडी घालून शेवटचं गाणं लावून बघा. ते कडेच्या बाजूला असतं, आणि लेझरची घसरपट्टी झिजली असेल तर अडखळणं तिथे दिसू शकतं. अडखळत असेल तर लेझरच्या भिंगावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा अलगद फिरवा, पट्टीवर किंचित ग्रीस लावा. लेझरजवळचा बारीक स्क्रू मात्र सगळं करून झाल्याशिवाय फिरवू नका.

प्रश्न : व्हिटा या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलवर हा खेळ घेतला तर आपली गाणी घालता येतील?

उत्तर : नाही. व्हिटाला सीडी ड्राइव्हच नाही, त्यामुळे मूळ सहा गाण्यांवर भागवावं लागतं.