जुन्या फळ्यांच्या जमिनीवर इंजिनीअर्ड वुड: आधी करकर थांबवा

तुळयांवर ठोकलेल्या जुन्या फळ्यांवर इंजिनीअर्ड वुड (थर चिकटवून केलेल्या, वरचा थर अस्सल लाकडाचा असलेल्या पट्ट्या) स्वतःच बसवता येईल का आणि मध्ये प्लाय घालावाच लागतो का, असं विचारलंय. बसवता येईल. प्लायचं नंतर सांगतो.

आधी करकर. यावरून माझं आणि भावोजींचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "वर नवं लाकूड चढलं की आवाज आपोआप दबतो, कशाला खपतोस?" दबत-बिबत काही नाही. करकरते ती बहुतेक वेळा खिळ्यापाशी. भोक सैल झालेलं असतं आणि पाय पडला की फळी खिळ्याला घासत खालीवर होते. बायकोला खोलीभर सावकाश चालायला लावलं आणि मी हातात खडू घेऊन पालथा पडलो. तिचं वजन फळीवर आलं की खिळ्याचं डोकं जरासं वर दिसायचं, पाय उचलला की परत बुडायचं. शेजारीच तुळईत एक स्क्रू पिळला, डोकं फळीत बुडवलं, आवाज बंद! मग सगळी खोली तशीच काढली. भावोजी खुर्चीत बसून सल्ले देत होते.

दुसरं भांडण प्लास्टिकच्या कागदाचं. काँक्रीटवर तो हवाच, भावोजींचं सगळं काम काँक्रीटवरचं. पण फळ्यांच्या जमिनीखाली पोकळी असते आणि ती जमीन टिकते ती खालून वारा खेळतो म्हणून. वरून प्लास्टिक अंथरलंत तर वर येणारा दमटपणा फळ्यांतच कोंडतो, मग कुजणं आलंच. हवा आरपार जाऊ देणारा अंडरले (पट्ट्यांखाली अंथरायचा पातळ थर) घ्या, आणि भिंतीतले झरोके कुणी "थंडी येते" म्हणून बुजवले असतील तर आधी मोकळे करा. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आता प्लाय. दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसत नसेल आणि नव्या पट्ट्या जुन्या फळ्यांना आडव्या टाकणार असाल, तर नको. त्याच दिशेने टाकायच्या असतील किंवा फळ्या वाट्यासारख्या वळल्या असतील, तर किमान 6 मिमी प्लाय, स्क्रू एकमेकांच्या जवळ मारून. भिंतीलगत 10 ते 15 मिमी जागा सोडायची, तिथे कंजुषी नको.

हो, एक राहिलंच. स्क्रू मारण्याआधी फळ्यांखालून पाइप आणि वायरी कुठून जातात ते बघा. तुळईत स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर वरचं काम विसरा, आधी सुतार बोलवा.

आणि दारं! 14 मिमीची पट्टी, 6 मिमी प्लाय आणि वर अंडरले, म्हणजे जमीन 20 मिमीच्या वर उचलली जाणार. दार आत उघडत असेल तर पहिली पट्टी टाकायच्या आधीच ते बिजागरीवरून उतरवून ठेवा.